'या' म्हणजे मी

सावेली झुबारेवचा आवाज आधी यायचा आणि मग सावेली दिसायचा. लुगोव्स्कमध्ये कुणालाही विचारा, हेच सांगेल. व्होल्गेच्या पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना अलीकडच्या मैदानावर काय चाललंय ते त्याच्या ओरडण्यावरून कळायचं. बॉल कुठल्या बाजूला आहे, कोण झोपलंय, कुणाच्या आईला बोलावून आणायला हवं, सगळं. "रूपर जोरात आहे आज," असं म्हणून ते पुन्हा गळाकडे वळायचे. रूपर म्हणजे भोंगा. हे नाव त्याला शाळेतच पडलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात ना, सावेलीनं तर नुसत्या घशावर अख्खी कारकीर्द विकून दाखवली.

तो गोलकीपर होता, 'त्काच' क्लबचा. त्काच म्हणजे विणकर. गावात लिननची गिरणी होती तेव्हा तिच्या कामगारांनी काढलेला हा क्लब. गिरणी बुडाली, भोंगा बंद झाला, क्लब मात्र राहिला. सावेलीचा बाप देम्यान त्याच गिरणीत फोरमन होता आणि मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचाही आवाज असाच झाला होता, तेव्हा पोराला दोष देण्यात अर्थ नाही.

आता गोलीला आवाज कशाला लागतो? अहो, आवाजच लागतो! हात तर सगळ्यांनाच असतात. गोलसमोर उंच बॉल आला की तिथं आठ-दहा माणसं एकदम उडी मारतात, आणि डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात कुणीतरी एकानं ठरवायचं असतं की हा बॉल कुणाचा. ते गोलीनं ठरवायचं. रशियन गोली त्यासाठी एकच अक्षर ओरडतो, 'या!' 'या' म्हणजे मी. मी आलोय, बाजूला व्हा, मध्ये सापडलात तर हाडांची जबाबदारी माझी नाही. आपल्याकडे 'या' म्हटलं की पाहुण्याला खुर्ची पुढे करतात. तिथं 'या' ऐकलं की घरच्या माणसानंसुद्धा पळ काढायचा.

गंमत अशी की त्याची आई, रईसा फ्योदोरोव्हना, पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. अर्ध्या लुगोव्स्कला तिनं मुळाक्षरं शिकवली. आणि रशियन मुळाक्षरांत 'या' येतं सगळ्यांत शेवटी. कुठलंही पोर मी-मी करायला लागलं की तिथली मोठी माणसं एकच वाक्य तोंडावर मारतात: 'या' हे शेवटचं अक्षर आहे, विसरू नकोस. रईसा फ्योदोरोव्हनानं हे वाक्य आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही, आणि तिच्याच पोटी हा.

"सावा, दिवसभर मैदानावर मी-मी काय ओरडत असतोस? इथं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. लाज वाटते मला. 'या' कितवं अक्षर?"

"शेवटचं."

"मग?"

"मग काय आई, गोलीसुद्धा सगळ्यांत शेवटीच उभा असतो!"

तिला हसू आलं, पण शिक्षिकाच ती. हसू दाबून तिनं त्याला बटाटे सोलायला बसवलं.

सतराव्या वर्षी तो त्काचच्या पहिल्या संघात आला. मग उरलच्या पलीकडे दोन हंगाम, दक्षिणेला कॉकेशसच्या पायथ्याशी एक, पुन्हा घरी तीन. मोठ्या क्लबांच्या नजरेत तो कधी भरला नाही, आणि त्याची त्याला फारशी खंतही नव्हती. "त्यांचं नशीब," म्हणायचा. सत्ताविसाव्या वर्षी एका एजंटानं नॉर्वेचं बोलावणं आणलं. समुद्राच्या काठावरचं हावनेस नावाचं गाव, मासेमारीचं बंदर, आणि तिथला छोटासा पण व्यावसायिक क्लब. सावेलीनं बायकोला, तायाला विचारलं. ताया केस कापायचं दुकान चालवायची. ती म्हणाली, "केस सगळीकडे वाढतात. चल."

तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सावेलीचं त्या देशाबद्दल फार वाईट मत झालं. त्यानं आईला फोन केला.

"आई, काय स्वार्थी माणसं आहेत गं! दुकानात जा, बसमध्ये बस, जो तो आपलं 'या, या, या'. म्हातारी बाई फोनवर बोलते, 'या, या'. तान्ह्या पोराला मांडीवर घेतलेला बाप, 'या, या'. कुणी कुणाला टोकत नाही. तू इथं असतीस तर वेडी झाली असतीस."

"बघ," रईसा फ्योदोरोव्हना म्हणाली. "शाळेकडे लक्ष दिलं नाही की देशाचं असं होतं."

मायलेकांनी मिळून एका अख्ख्या राष्ट्राला नावं ठेवली आणि समाधानानं फोन खाली ठेवला.

मग पहिला सामना आला. संघाचा कप्तान होता तोरगाइर, मधला डिफेंडर, दरवाज्याच्या चौकटीएवढा माणूस. कोचनं सावेलीला स्पष्ट सांगितलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघू, जमलं तर राहा, नाही तर दुसरा गोली आणू. दुसऱ्या हाफमध्ये उंच बॉल आला. सावेली निघाला आणि फुप्फुसं फाटतील असा ओरडला, "या!" तोरगाइर थांबेल, बाजूला होईल, असंच कुणालाही वाटेल. तोरगाइर उलट बॉलवरच झेपावला! दोघांची टक्कर झाली, दोघं आडवे, आणि बॉल आपल्या पायानं चालत गेल्यासारखा जाळीत गेला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. सावेली खवळला. ड्रेसिंग रूममध्ये दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले, एक रशियनमध्ये शिव्या देतोय, दुसरा नॉर्वेजियनमध्ये.

"मी 'या' म्हणालो ना!" सावेली.

"या! या!" तोरगाइर मान डोलवत, छाती बडवत.

"तू कसला या? मी या!"

"या!" तोरगाइर आणखी जोरात मान डोलवतोय.

बाकीचे खेळाडू हातातले टॉवेल तसेच धरून बघत राहिले. शेवटी संघाला मालिश करणारी पोलंडची बाई, जिला दोन्ही भाषा अर्धवट यायच्या, ती हसता हसता बाकावरच बसली. तिनं सांगितलं, अरे मेल्यांनो, याच्या भाषेत 'या' म्हणजे मी, आणि त्याच्या भाषेत 'या' म्हणजे हो. बॉल आला की तोरगाइर मनात विचारतो, मी घेऊ? मागून हा ओरडतो, हो!

सावेलीनं कपाळावर हात मारला. त्या रात्री त्यानं आईला पुन्हा फोन करून नॉर्वे देशाची माफी मागितली. म्हणजे आईकडे मागितली, पण मागितली.

तिथं 'माझा' याला 'मीन' म्हणतात. आपल्याला मासा आठवतो, आणि त्या गावाला तो शोभतही होता. सावेली दिवसभर मीन-मीन घोकत हिंडायचा. पण घोकणं वेगळं आणि बॉल डोक्यावर असताना तोंडातून निघणं वेगळं. घशाला लहानपणापासूनची सवय, ती काय डिक्शनरी बघून जाते? सुट्टी जवळ आली तेव्हा तोरगाइरनंच तोडगा काढला. त्यानं सगळ्या डिफेंडरांना उभं केलं आणि फर्मान सोडलं: मैदानावर आजपासून 'हो' म्हणायला 'या' वापरायचं नाही, मान हलवा, शिट्टी वाजवा, काहीही करा. 'या' फक्त सावेलीचं. तो 'मीन' शिकेल तेव्हा शिकेल.

सावेली शिकला, आणि राहिला. सगळे मिळून नऊ हंगाम. त्याचा 'मीन' असा काही पिकला की बंदरातल्या बोटींचे कप्तान त्याची थट्टा करायचे, तुझ्यामुळे धुक्याचा भोंगा बसवायचा खर्च वाचला म्हणून. तपकिरी चीज त्याला कधी आवडलं नाही, ते जाऊ दे, पण तिथल्या माणसांना त्यानं जीव लावला. छत्तीस वर्षांचा झाल्यावर क्लबनं तरुण गोली घेतला आणि याच्या गळ्यात हार घातला. सावेली म्हणाला, हार घालताय ते ठीक, पण मी चाळिशीपर्यंत खेळणार आहे. कुठं, ते सांगतो नंतर.

आणि लुगोव्स्कहून इग्नात ल्वोविचचा फोन आला.

ल्वोविच हा त्काचचा कोच. साठीचा, ढेरपोट्या, आणि असा काही शकुनवेडा की विचारू नका. सामन्याच्या दिवशी संघाची बस मागे घ्यायची नाही, हा नियम तिकडे बहुतेक क्लबांत पाळतात, पण ल्वोविचनं त्याचा धर्म केला होता. एकदा गल्लीत समोर कचऱ्याचा ट्रक आला, मागे जाण्यावाचून गत्यंतर नाही, तर या पठ्ठ्यानं सगळ्या संघाला चिखलात खाली उतरवलं, बस रिकामी मागे घेतली आणि मग सगळ्यांना परत चढवलं. "बस मागे गेली, संघ गेला नाही," म्हणाला. त्या दिवशी त्काच तीन गोलांनी हरला, पण ते चिखलामुळे, असं त्याचं मत.

"सावेली, आपण बुडतोय," ल्वोविच फोनवर म्हणाला. "या वर्षी लीगमधून खाली गेलो तर क्लब बंद होणार, महापौरानं तोंडावर सांगितलंय. गोली नाही माझ्याकडे. आहे तो मांजर आली तरी दचकतो. ये."

"येतो. पण चाळिशीपर्यंत खेळणार मी."

"हा हंगाम खेळ. क्लब तरला आणि तू टिकलास, तर पुढं तुला हवं तेवढं खेळ, शब्द आहे माझा. नाही तर तुझं तू, माझं मी."

म्हणजे सौदा सरळ होता. सावेलीला बाकी काही नको होतं. फुटबॉल सोडून आपण दुसरं काय करणार, हा विचारच त्याच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. शिरायला जागाच नव्हती हो, सगळी जागा मैदानानं व्यापलेली.

संघात आता त्याच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. पोरं त्याला नावानं हाक मारेनात. वयाचा मान म्हणून नुसतं बापाच्या नावानं, देम्यानिच. मधला डिफेंडर होता केशा, चोवीस वर्षांचा, कमी बोलणारा, लाकूड कारखान्यात अर्धा दिवस काम करून सरावाला येणारा. त्याच्या हातांना कायम पाइनच्या डिंकाचा वास यायचा. सावेलीनं पहिल्या दिवशी त्याला समोर उभं केलं.

"बॉल बघायचा नाही. तो मी बघतो. तू ऐकायचं."

"बरं, देम्यानिच."

पहिला घरचा सामना. सगळं गाव लोटलेलं, रूपर परत आला म्हणून. आणि उंच बॉल आला. सावेली निघाला, आणि नऊ वर्षांच्या सवयीनं तोंडातून खणखणीत निघालं, "मीन!"

केशा जागच्या जागी खिळला. ऐकायला सांगितलेलं, त्यानं ऐकलं, पण हे काय ऐकलं? रशियनमध्ये हा आवाज निघाला तर माणसाला जमिनीत पेरलेले सुरुंग आठवतात. त्यानं खरोखर पायाखाली पाहिलं! बॉल त्याच्या खांद्याला लागून गोलमध्ये गेला. पुढं आठवडाभर सावेलीला बाजारात जाणं मुश्कील झालं. लोणची विकणाऱ्या बाया ओरडायच्या, "देम्यानिच, जपून, काकडीखाली सुरुंग आहे!" ल्वोविचनं डोकं धरलं.

"परदेशात जाऊन काय शिकून आलास? आमचं होतं तेही विसरलास!"

"येईल परत. घसा माझाच आहे, भाड्याचा नाही."

"कधी येईल? क्लब बंद झाल्यावर?"

मग ठरलं असं की सरावात ज्याला 'मीन' ऐकू येईल त्यानं हात वर करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सावेलीनं अख्ख्या संघाला घरून कोबीचे पिरोग, म्हणजे सारण भरलेले भाजके पाव, आणायचे. संघ महिनाभर पिरोग खाऊन गुटगुटीत झाला. शेवटी रईसा फ्योदोरोव्हनानं लाटणं खाली ठेवलं.

"हे बरंय! चुका तू करायच्या आणि कणिक मी मळायची?"

"आई, एकच अक्षर आहे गं. निघत नाही."

"बस इथं." तिनं त्याला स्टुलावर बसवलं, पीठ लागलेल्या हातानंच हनुवटी धरून वर केली, पहिलीतल्या पोराची धरावी तशी. "म्हण, या."

"या."

"पोट कुठं गेलं? पोटातून. या!"

"या!"

जिनं जन्मभर लोकांच्या पोरांना मी-मी करू नका म्हणून सांगितलं, तीच सत्तरीची बाई स्वतःच्या सदतीस वर्षांच्या घोड्याला मी म्हणायला शिकवत होती. शेजारीण काय झालं म्हणून दार वाजवत आली. "काही नाही," रईसा फ्योदोरोव्हना म्हणाली, "मुळाक्षरं चाललीयत."

हसा, पण 'या' परत आलं. आणि आलं ते असं की पलीकडच्या काठावरचे म्हातारे पुन्हा मान डोलवायला लागले. ऑगस्टपासून त्काच सावरला. सावेलीनं तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, एका पेनल्टीच्या वेळी तर खेळाडूला आधीच विचारलं, "डावीकडे ना?" तो गोंधळला आणि खरंच डावीकडे मारली. गुडघे रोज सकाळी कुरकुरायचे. ताया बर्फाची पिशवी बांधून द्यायची आणि काही बोलायची नाही. सावेलीही बोलायचा नाही. बोलण्यासारखं काही नाहीच, असं त्याचं ठाम मत. चाळीस म्हणजे चाळीस.

शेवटचा सामना नोव्हेंबरात, घरच्या मैदानावर. त्काचला बरोबरी पुरेशी होती. हरले तर खाली, आणि क्लब बंद. सकाळी बर्फ पडला होता. गावातली माणसं घरची फावडी घेऊन आली आणि मैदान मोकळं करून गेली, लोणचीवाल्या बायांसकट. ल्वोविचनं बसचा प्रश्न मिटवला. घरचा सामना असूनही त्यानं बस मैदानाला एक फेरी मारून आणली, पुढच्या पुढं.

काय खेळला सावेली त्या दिवशी! पहिल्या हाफमध्ये अगदी जवळून आलेला बॉल त्यानं पायानं उडवला. मग एक कोपऱ्यात जाणारा बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला आणि उठून स्वतःच टाळ्या वाजवल्या. दोनदा गर्दीत घुसून डोक्यांवरून उंच बॉल उचलला, दोन्ही वेळा 'या!' असा की समोरचा फॉरवर्ड दचकून मागे सरला. "कान दुखतात हो, आजोबा," तो म्हणाला. "मग उद्या डॉक्टरकडे जा," सावेली म्हणाला, "आज तर मी आहे." केशा हसला. केशाला हसताना फार कुणी पाहिलं नव्हतं.

गोलफलक कोराच होता आणि पंच घड्याळाकडे बघायला लागला होता, तेव्हा पाहुण्यांना बाजूनं फ्री किक मिळाली. सगळे पुढे चालून आले, त्यांचा गोलीसुद्धा. बॉल उंच उचलला गेला, बर्फात दिसावा म्हणून घेतलेला केशरी बॉल, आभाळात नुसता ठिपका, आणि सावेलीला तो लगेच कळला. वळतोय, मंद होतोय, गोलपासून चार पावलांवर उतरणार. असले बॉल त्यानं झोपेत धरले असते. हा गोलीचाच बॉल. केशानंही ते ओळखलं आणि वाट द्यायला एक पाऊल बाजूला सरकला.

सावेलीनं पाय टाकला आणि पाय आला नाही.

दुखलं नाही, घसरला नाही, काही नाही. नुसता आला नाही. शरीर निघालं आणि पाय मागे राहिले. तोंड उघडलं होतं, पोटात ते अक्षर तयार होतं. ते निघालं असतं तर केशा पूर्ण बाजूला झाला असता आणि तिथं कुणीच पोचलं नसतं. त्या एवढ्याशा वेळात सावेलीच्या तोंडून दुसराच शब्द बाहेर पडला.

"तुझा!"

केशा बाजूला सरकत होता तो हवेतच वळला. कसा वळला ते त्याच्या हाडांना ठाऊक. त्यानं डोकं घातलं, समोरच्यानंही घातलं, डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज लोकांनी वरच्या रांगेत ऐकला. बॉल बाहेर गेला. पंचानं शिट्टी वाजवली. सगळं लुगोव्स्क मैदानात उतरलं.

ड्रेसिंग रूममध्ये गाणी, ओरडा, ओल्या बुटांचा वास. ल्वोविच रडत होता आणि दिसेल त्याच्या गालांचे मुके घेत होता. त्यानं सावेलीला ओढत आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"याला म्हणतात डोकं! दुसरा कुणी असता तर मूर्खासारखा बाहेर धावला असता आणि बॉल हातून निसटू दिला असता. तू काय म्हणालास? तुझा! अरे, हे शिकवून येत नाही. महापौर विचारत होता, हा पुढच्या वर्षी आहे ना? मी म्हटलं, माझा शब्द आहे. दे हात. चाळीस तर चाळीस."

सावेलीनं त्या पुढं केलेल्या हाताकडे पाहिलं. याच हातासाठी तो परत आला होता.

"ल्वोविच, तो बॉल माझा होता."

"कुठला?"

"शेवटचा. गोलीचा बॉल होता, माझा. मला निघताच आलं नाही. पाय उचलला नाही."

ल्वोविचचा हात तसाच राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, दार घट्ट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"तू सोडून! लोक तुला डोक्यावर घेऊन नाचतायत. कुणाला कळलं नाही, कळणारही नाही. गप्प बस गाढवा, हिवाळाभर गुडघ्यांना विश्रांती दे, वसंतात बघू."

"आज केशा पोचला. पुढच्या वर्षी नाही पोचला तर? मला बॉल कळतो ल्वोविच, आणि पायही कळतात. तेवढी अक्कल मला आहे. दुसरा गोली बघा. मी त्याला ओरडायला शिकवीन, पैज लावतो, चांगला शिकवीन. पण मी नाही."

"गेल्याच महिन्यात म्हणत होतास चाळिशीपर्यंत!"

"म्हणत होतो."

ल्वोविच खुर्चीत बसला. बाहेर गाणं बदललं होतं, पोरं सावेलीचंच नाव घेऊन टेबलं बडवत होती. ल्वोविचनं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बरं. आजच्या दिवस कुणाला सांगू नकोस. गावाला जेवू दे." "केशा सोडून," सावेली म्हणाला.

तो बाहेर आला तो थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे गेला. केशा बाकावर बसला होता, भुवई फाटलेली, अर्धा चेहरा रक्तानं माखलेला, आणि डॉक्टरीणबाई चष्मा नाकावर घेऊन टाके घालत होत्या. सावेली त्याच्या मागे उभा राहिला.

"दुखतंय?"

"नाही."

"केशा, ल्वोविचला सांगून आलो. तो बॉल माझा होता."

 

"मलाही तसंच दिसलं, देम्यानिच," केशा म्हणाला. "मी सरकलोच होतो. दिसतच होता की तुमचा बॉल. पण तुम्ही म्हणालात 'तुझा'. म्हटलं, मग माझाच असणार."

  वीस वर्षं सावेली ओरडत आला होता, आणि समोरचा ऐकतोच हे त्यानं गृहीत धरलं होतं. आणि हा पोरगा स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून त्याच्या शब्दावर डोकं फोडून घेऊन बसला होता. त्यानं केशाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला रडू फुटलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"डोकं हलवू नकोस रे," डॉक्टरीणबाई वर न बघता खेकसल्या, "टाका चुकेल माझा."

"मी नाही हलत," केशा म्हणाला. "ते हलतायत."